प्लेस्टेशन २ आत्ता घेतलाय, कुठून सुरुवात करू?

तळमजला

नमस्कार मंडळी.

शेवटी प्लेस्टेशन २ घेतलाच. काळा, बारीक मॉडेल, दोन रिमोट, एक मेमरी कार्ड, मूळ खोक्यासकट. सदाशिव पेठेतल्या एका काकांचा मुलगा नोकरीला बाहेर गेला आणि हा माळ्यावर राहिला. काकांनी टीव्हीला लावून दाखवला, चहा पाजला आणि थोड्या डिस्क सोबत अशाच दिल्या.

आमच्याकडे तेव्हा हा नव्हता. शेजारीपाजारीही नव्हता. कॉलेजात गेल्यावर घरात कॉम्प्युटर आला, मग नोकरी लागली. म्हणजे २००० ते २०१० या काळातल्या ज्या गेम्सची लोक आजही नावं काढतात, ते माझे सगळेच राहिलेत. तेव्हा हा धागा स्मरणरंजनाचा नाही, कारण रमायला आठवणीच नाहीत. मला ते पहिल्यांदा खेळायचे आहेत, आणि ज्या यंत्रासाठी बनवले त्याच यंत्रावर.

माझं मत असं होत चाललंय की गेम्स नीट समजून घ्यायचे असतील तर उत्पादन थांबलेला कन्सोल सगळ्यात चांगला. यादी पूर्ण झालेली आहे. नवीन काही येणार नाही, डिस्क घातली की दोन मिनिटांत खेळ सुरू, कोणी चाळीस जीबीचं अपडेट मागत नाही. पंचवीस वर्षांनी ज्याचं नाव निघतं ते चाळणीतून वर राहिलेलं असतं.

आता प्रश्न. आज नव्याने खेळणाऱ्याला कोणते गेम्स खरोखर भिडतील? रात्री जेवण झाल्यावर तासभर मिळतो, रविवारी थोडा जास्त. आणि भिंतीवरच्या ४३ इंची टीव्हीवर चित्र पार धुरकट दिसतंय, त्याला काही उपाय आहे का?

निवांत_बुधवार

अभिनंदन! 'शॅडो ऑफ द कलॉसस'. बाकी सगळं नंतर.

खडीसाखर

निवांतराव, घाई कशाला! तो मागे ठेवा. आधी त्याच चमूचा 'इको' खेळू दे त्यांना.

तळमजला, 'इको' २००१ चा. फुमितो उएदा हा त्याचा दिग्दर्शक. डोक्यावर शिंगं उगवली म्हणून गावाने किल्ल्यात आणून कोंडलेला एक मुलगा, आणि तिथेच पिंजऱ्यात सापडलेली योर्दा. दोघांची भाषा वेगळी, तिचं बोलणं आपल्यालाही कळत नाही. आर वन बटण दाबून ठेवायचं म्हणजे तिचा हात धरायचा. बटण सोडलं की हात सुटला. ओढत पळालात तर रिमोट हातात थरथरतो, तिची ओढाताण बोटांना कळते. पडद्यावर ना गुण, ना ताकदीची पट्टी, ना नकाशा. सात-आठ तासांत संपतो, म्हणजे तुमच्या रोजच्या तासाला अगदी योग्य.

सेव्ह करायला दगडी बाक आहेत. तिथे दोघं शेजारी बसली की सेव्ह. कुकरच्या तीन शिट्ट्या होईस्तोवर पुढचा बाक सापडला नाही तर घरच्यांना थांबायला सांगा, भात थोडा मऊ झाला तरी चालतो :)

यानंतर २००५ चा 'कलॉसस' घ्या. सोळा महाकाय प्राणी, मध्ये एकही किरकोळ शत्रू नाही. 'इको'त हात धरायला शिकलेलं बोट तिथे प्राण्याच्या अंगावरचे केस धरायला तेच आर वन दाबतं. हा दुवा क्रम उलटा केला तर निसटतो.

निवांत_बुधवार

खडीसाखरताई, मान्य. क्रम बदलला. 'इको', मग 'कलॉसस'.

वायरमन_सांगली

चित्राचं बघू. पिवळी-पांढरी-लाल केबल लावली असणार. पिवळ्या एकाच तारेतून सगळं चित्र जातं, म्हणून धुरकट. बाजारात याची कंपोनंट केबल मिळते, पाच टोकांची. हिरवी-निळी-लाल चित्राला, लाल-पांढरी आवाजाला. टीव्हीला मागे तशी जागा असेल तर हीच लावा. नसेल तर कन्सोलच्या मागे थेट बसणारा एचडीएमआयचा छोटा डबा मिळतो. काहीही लावा, आधी कन्सोलच्या सिस्टिम कॉन्फिगरेशनमध्ये जाऊन कंपोनंट व्हिडिओ आउटला आरजीबी असेल तर वाय-सीबी-सीआर करून घ्या. नाहीतर रंग वेडेवाकडे दिसतात आणि लोक केबल खराब म्हणून परत करतात.

अजून एक. यंत्र बहुतेक गेम्सचं चित्र अर्धं-अर्धं करून पाठवतं, सम रेषा एकदा, विषम एकदा. जुन्या काचेच्या टीव्हीला ते सरळ जमायचं. सपाट टीव्ही आधी दोन्ही अर्धी जोडत बसतो, त्यात वेळ जातो, बटण दाबल्यावर माणूस उशिरा उडी मारतो. टीव्हीतला गेम मोड चालू करा, फरक पडेल. काही गेम्सना प्रोग्रेसिव्ह स्कॅन (सगळ्या रेषा एकदम) आहे, 'गॉड ऑफ वॉर'ला आहे, 'ग्रान टुरिस्मो ४' तर १०८०आयपर्यंत जातो. तो पर्याय दिसला की घ्यायचा.

आणि जागा असेल तर २१ इंची काचेचा टीव्ही शोधा. आमच्याकडे भंगारात किलोवर जातात बिचारे.

तळमजला

वायरमनदादा, तुमचे उपकार. केबल मिळेपर्यंत नुसता सेटिंगचा आणि गेम मोडचा बदल केला, आत्ताच हाताला बरं वाटायला लागलंय. काचेचा टीव्ही म्हटल्यावर घरातून एक दीर्घ नजर आली, तो विषय पुढच्या दिवाळीला काढतो.

एक_पाऊल_मागे

विरोधी मत नोंदवतो, राग नसावा.

जुन्या यंत्रावर पैसे आणि माया कशासाठी खर्च करायची ते मला कळत नाही. साध्या लॅपटॉपवर पीसीएसएक्सटू हा एमुलेटर, म्हणजे या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्राम, चालतो. वर्षानुवर्षं लोक त्यावर काम करतायत, २०२४ मध्ये त्याची २.० आवृत्ती आली. तोच गेम चौपट रेझोल्यूशनला, हवा तिथे सेव्ह, लेन्स खराब होण्याची भीती नाही. प्लेस्टेशन २ वरचा 'कलॉसस' मोठ्या लढायांत इतका अडखळतो की डोळे दुखतात. शिवाय बऱ्याच गेम्सच्या नव्या आवृत्त्या आल्यात. 'कलॉसस' २०११ ला प्लेस्टेशन ३ वर आला, २०१८ ला ४ साठी पुन्हा पहिल्यापासून बनवला. 'सायलेंट हिल २' नव्याने आला २०२४ ला. 'पर्सोना ३'ही त्याच वर्षी.

गेम महत्त्वाचा की डबा?

बे_एरियातला_बंड्या

एकपाऊल, प्रश्न चांगला आहे, पण गेम आणि डबा इतके सहज वेगळे होत नाहीत.

प्लेस्टेशन २ च्या रिमोटची जवळजवळ सगळी बटणं दाब ओळखतात. नुसतं दाबलं की सोडलं एवढंच नाही, किती जोरात दाबलं तेही. 'ग्रान टुरिस्मो'मध्ये फुली हळू दाबली तर गाडी हळू वेग घेते. 'मेटल गियर सॉलिड ३'मध्ये शत्रूला मागून पकडल्यावर गोल बटण हलकं धरलं तर तो नुसता धरलेला राहतो, जोरात दाबलं तर गळा चिरला जातो. माणसाला मारायचं की नाही हे तुमच्या अंगठ्याच्या जोरावर ठरतं! चौकोन दाबून रोखलेली बंदूक गोळी न झाडता खाली घ्यायची तर तेच बटण अलगद सोडत न्यायचं. आजच्या रिमोटवर ही बटणं तशी नाहीत. एमुलेटरवर दुसरं बटण जोडून काम भागतं, पण अंगठ्याखालचा तो निर्णय जातो.

नव्या आवृत्त्यांचंही सगळं गोड नाही. 'सायलेंट हिल'चा २०१२ चा एचडी संच आठवा. बनवणाऱ्यांच्या हाती मूळ गेमचा अंतिम कोडच नव्हता, अर्धवट अवस्थेतला होता. धुकं विचित्र झालं, आवाज चुकले. धुकं हाच ज्या गेमचा जीव, त्यात धुकंच बिघडलं!

खडीसाखर

बंड्या, अंगठ्याचा मुद्दा शंभर टक्के पटला.

एक_पाऊल_मागे

दाबाच्या बटणांबद्दल माहीत नव्हतं, धन्यवाद. तरी 'कलॉसस'बद्दल माझं मत कायम. २०१८ चा डोळ्याला फार सुंदर आहे.

मोरपंखी_फाईल

सुंदर आहे, पण उजेड वेगळा आहे. मूळ गेममध्ये ऊन डोळ्यांवर येतं, गुहेतून बाहेर पडलं की सगळं पांढरं होतं आणि मग हळूहळू माळ दिसायला लागतो. यंत्राची ताकद कमी होती, त्या चमूने ती उजेडात आणि धुरळ्यात लपवली आणि त्यातून त्या प्रदेशाला रूप आलं. नव्यात गवताचं पातं न् पातं दिसतं. मला ते जास्त दिसणं कमी भावलं.

फ्रेम अडखळतात हे खरं. मला तर तो प्राणी अंग झटकताना चित्र जड होतं तेव्हा त्याचं वजन जाणवतं. हे मी मनापासून लिहितेय.

पोफळी

म्हापशाहून. आमच्या इथे पार्लर होतं, तासाला वीस रुपये. रेसलिंगचा 'हिअर कम्स द पेन' आणि मारामारीचा 'टेकन' यांवर रांग लागायची. मालक टीव्हीच्या वर घड्याळ ठेवायचा आणि पाच मिनिटं उरली की रिमोटची वायर हलवायचा. तळमजला, दुसरा रिमोट आहे ना? मग 'बर्नआउट ३' आणा. २००४ चा. दुसऱ्याच्या गाडीला मुद्दाम ठोकून रस्त्याबाहेर घालवायचं, हाच खेळ. स्क्रीन दोन भागांत करून दोघं खेळता येतं. घरात कुणाशी भांडण असेल तर त्या रात्री खेळू नका.

ओवी_वाचते

पोफळी यांनी पार्लरचं काढलं म्हणून लिहिते.

ठाण्यात आमच्या घराखाली असं पार्लर होतं. माझा धाकटा भाऊ रोज जायचा, खिशात स्वतःचं मेमरी कार्ड घेऊन. मी त्याला बोलवायला जायची आणि दारातल्या पायरीवर उभी राहून बघायची. आत यायला कुणी मनाई केली असं नाही. पण एकही मुलगी आत नसायची, आणि एकदा आत डोकावले तर सगळी पोरं थांबून माझ्याकडे बघायला लागली. मग कधी गेले नाही. 'टेकन'मधली लिंग शाओयू मी पायरीवरूनच शिकले, बटणं न दाबता.

मागच्या वर्षी स्वतःच्या पगारातून मीही प्लेस्टेशन २ घेतला. पहिली डिस्क 'टेकन ५'. तळमजला, हा नक्की घ्या, कारण त्यात पहिल्या तिन्ही 'टेकन'च्या आर्केडवरच्या आवृत्त्याही आहेत, म्हणजे एका डिस्कमध्ये सगळा इतिहास. भाऊ आला की आम्ही खेळतो. तो अजून जिंकतो, पण आता फार कमी फरकाने. माझ्यासाठी हे मागे राहिलेलं पूर्ण करणं आहे, आणि मला त्यातून इतका आनंद मिळतोय की इथे नीट सांगता येत नाही.

पोफळी

ओवीताई, हा प्रतिसाद धाग्याचा धनी आहे. भावाला हरवलंत की इथे येऊन लिहा, पेढे आमच्याकडून.

दहावी_ब

मी १५ वर्षांचा आहे. बाबांचा पीएस टू आहे घरी. ग्राफिक्स बघून आधी नको वाटलं. पण 'सॅन अँड्रियास' लावला आणि दोन तास गेले. त्यात भूक लागते, जिममध्ये जावं लागतं, जास्त खाल्लं तर माणूस जाड होतो. आमच्या वर्गात कुणाला खरं वाटत नाही की हे २००४ चं आहे.

घाटमाथा

दहावी_ब, वयाचं बघता बाबांना विचारून खेळ रे, त्यावर १८ वर्षांचा शिक्का आहे.

पण मुद्दा बरोबर. आणि 'सॅन अँड्रियास' मूळ डिस्कवर खेळण्याला एक ठोस कारण आहे. त्यातल्या गाडीच्या रेडिओवरची गाणी ठरावीक मुदतीच्या परवान्यावर घेतलेली होती. मुदत संपली तशी २०१४ मध्ये कॉम्प्युटरवरच्या आवृत्तीतून अपडेट पाठवून बरीच गाणी काढली. पुढे २०२१ ला याच मालिकेतल्या तीन गेम्सची नवी आवृत्ती काढली, ती सुरुवातीला इतकी सदोष होती की कंपनीला माफी मागावी लागली. डिस्कवरचं गाणं मात्र कुणाला काढता येत नाही.

अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये अभ्यास केला होता. तिथे २०१० पूर्वी निघालेल्या गेम्सपैकी ८७ टक्के आज अधिकृतपणे नव्याने विकत मिळत नाहीत. एकपाऊल ज्या नव्या आवृत्त्यांबद्दल बोलतायत त्या उरलेल्या १३ टक्क्यांतल्या. बाकीच्यांसाठी जुना डबा, जुनी डिस्क आणि एमुलेटरवाल्यांची मेहनत एवढंच आहे. म्हणून मला एमुलेटरचा राग येत नाही, दोघं मिळून एकच गोष्ट जपतायत.

एक_पाऊल_मागे

घाटमाथा, अनुमोदन. इथे आपण एकाच बाजूला आहोत.

आजोबा_माहीम

मी नियमित वाचक, या विषयात अनभिज्ञ. नातीसाठी हा धागा वाचायला घेतला आणि शेवटपर्यंत आलो. एक विचारतो. साहित्यात जुनी पुस्तकं वाचनालयात मिळतात, पन्नास वर्षांनीही उघडता येतात. यात यंत्रच बंद पडलं तर सगळंच गेलं ना? मग ही यंत्रं मुळात निघाली किती?

घाटमाथा

आजोबा, प्रश्न अगदी मर्मावर आहे. जपानात हा ४ मार्च २००० ला आला, आणि उत्पादन २०१३ च्या सुरुवातीला थांबल्याचं सोनीने जाहीर केलं. एकूण १५ कोटींहून जास्त विकले गेले. त्यामुळे एवढ्यात तुटवडा नाही. डीव्हीडी लावता यायची हेही खपाचं मोठं कारण, पुष्कळ घरांत तो पहिला डीव्हीडी प्लेअर होता. पण प्रत्येक यंत्रातली लेन्स झिजतेच.

कागदी_विमान

उशिरापर्यंत चालू राहिला म्हणूनच आपल्याकडचे गेम्स त्यावर आले, हे कुणी लिहिलं नाही! 'हनुमान : बॉय वॉरियर', २००९, हैदराबादच्या ऑरोना टेक्नॉलॉजीजने बनवलेला. पूर्णपणे भारतात तयार झालेल्या पहिल्या कन्सोल गेम्सपैकी. त्याच वर्षी 'देसी अड्डा', त्यात कबड्डी, विटीदांडू, पतंग. पुढे 'स्ट्रीट क्रिकेट'. जगात प्लेस्टेशन ३ जोरात असताना इथे २ स्वस्त झाला होता, म्हणून आपल्या लोकांनी त्याच्यासाठी बनवलं.

'हनुमान' चांगला गेम नाही. कॅमेरा अंगावर येतो, मारामारी एकसुरी आहे. तरी मी डिस्क जपून ठेवली आहे, कारण सुरुवात ती आहे. तळमजला, खेळू नका म्हणत नाही, पण 'कलॉसस'च्या दुसऱ्या दिवशी नको.

सुपारी_स्टंप

अवांतर : क्रिकेटचं नाव निघालं आणि 'क्रिकेट ०७' कुणी घेतलं नाही? ॲशेसचा परवाना होता म्हणून इंग्लंड-ऑस्ट्रेलियाची नावं खरी, आपल्या खेळाडूंची मोडतोड केलेली. हॉस्टेलवर कॉम्प्युटरवर सगळ्यांनी खेळलाय, प्लेस्टेशन २ वरही आहे. उजव्या काठीने फटका, डाव्याने पायाची हालचाल. रिमोटवर जी मजा आहे ती कीबोर्डवर नाही.

निवांत_बुधवार

ब्रायन लाराचा २००७ चा गेम यापेक्षा सरस आहे. लढाई करायला तयार.

सुपारी_स्टंप

या मैदानात. पाच षटकांची, तटस्थ पंच खडीसाखरताई.

खडीसाखर

पंच म्हणून पहिला निर्णय : अवांतरासाठी वेगळा धागा काढा. :)

चाळीतला_समुराई

अवांतरात माझीही भर. या सगळ्याआधी समुराई आणि लिटल मास्टर होते हो. पिवळी कॅसेट, फुंकर मारायची आणि लावायची. 'कॉन्ट्रा'चं वर-वर-खाली-खाली-डावी-उजवी-डावी-उजवी आजही झोपेत येतं. तीस जीव मिळायचे. गिरगावात आमच्या मजल्यावर एकच टीव्ही गेम आणि खेळणारी पोरं बारा, तीस जीवही पुरायचे नाहीत.

बे_एरियातला_बंड्या

मूळ प्रश्नाकडे येतो, कारण डिस्क घेताना याची गरज लागेल. कन्सोलच्या खाली एससीपीएच आणि मग पाच आकडे आहेत ते बघा. आपल्याकडे अधिकृतपणे विकले गेलेले गेम्स पाल पद्धतीचे, म्हणजे युरोपातल्या आणि आपल्या टीव्हीच्या पद्धतीचे. अमेरिकेतून कुणी डिस्क आणली तर ती पाल यंत्रावर तशीच चालणार नाही, प्रदेशाचं कुलूप आहे. आणि तिथून कुणी जुना जाडा कन्सोल आणणार असेल तर मागचं लेबल वाचा. अमेरिकन जाडा १२० व्होल्टचा असतो, घरच्या २३० मध्ये थेट घातला तर तिथेच राम म्हणतो.

पाल आवृत्त्यांत एक खोट आहे. काही गेम्स ६० हर्ट्झचे ५० करताना नीट बदलले नाहीत. 'फायनल फँटसी १०' त्यातला प्रसिद्ध, वर-खाली काळ्या पट्ट्या आणि चाल थोडी मंद. ज्या गेममध्ये सुरुवातीला ६० हर्ट्झ विचारतात, तिथे हो म्हणा. आणि 'कटामारी दामासी', म्हणजे चिकट गोळा लोळवत पेन्सिलीपासून इमारतींपर्यंत सगळं गोळा करायचं, तो पहिला भाग युरोपात आलाच नाही. त्याची पाल डिस्क शोधण्यात वेळ घालवू नका, दुसरा भाग घ्या.

वायरमन_सांगली

डिस्कबद्दल मीही सांगतो. खरी डीव्हीडी मागून चंदेरी. सुरुवातीचे काही गेम्स सीडीवर होते, त्या मागून निळ्या, घाबरू नका. मागे जांभळट झाक आणि पुढे मार्करने नाव म्हणजे घरी बनवलेली. आपल्याकडे बऱ्याच यंत्रांत अशा डिस्क चालवणारी चिप बसवलेली असायची, म्हणून त्या चालायच्याही. पण तशी डिस्क कमी उजेड परत पाठवते, लेन्सला ती वाचायला कष्ट पडतात.

दर वेळी तारीख विचारत असेल तर आतला बटण सेल संपलाय.

तळमजला

विचारतो खरा! मला वाटलं जुन्या यंत्राची सवयच असेल.

बे_एरियातला_बंड्या

सेल बदलाच, कारण 'मेटल गियर ३'मध्ये घड्याळाला काम आहे. एक शंभरी ओलांडलेला नेमबाज येतो, जंगलात लपून बसलेला. त्याच्याशी लढाई चालू असताना सेव्ह करून कन्सोलची तारीख आठवडाभर पुढे ढकलली आणि परत आलात, तर तो म्हातारपणाने गेलेला असतो.

आजोबा_माहीम

याला माझा तीव्र आक्षेप आहे. वयस्कर प्रतिस्पर्ध्याशी समोरासमोर लढावं!

बे_एरियातला_बंड्या

आजोबा, दंडवत. समोरासमोरच लढायचं, आणि ती लढाई त्या गेममधली सगळ्यात सुंदर आहे.

तळमजला

मंडळी, थोडा अहवाल. केबल आली, सेल बदलला. 'इको' काल रात्री संपवला.

शेवटच्या भागात मला उठून पाणी प्यावं लागलं. पडद्यावर काही नसताना एवढं कसं वाटतं, यावर अजून विचार चाललाय. खडीसाखरताई म्हणाल्या तसं, आर वन सोडताना बोट मागेपुढे होतं. आजच्या गेम्समध्ये मला कायम काहीतरी गोळा करायला लावतात, बाण दाखवतात, टक्के सांगतात. इथे एक मोठी वास्तू आहे आणि ती मला बघून समजून घ्यायची आहे. खिडकीतून आधी पाहिलेलं अंगण दोन तासांनी खालून लागतं तेव्हा सगळी इमारत डोक्यात उभी राहते. हे २००१ मध्ये केलं होतं आणि मी इतकी वर्षं त्यावाचून होतो.

आता 'कलॉसस' सुरू करतोय. दरम्यान रविवारी बायकोबरोबर 'बर्नआउट ३' झाला. पोफळी, इशारा दिला होतात, पण ती इतकी पुढे गेली की भांडायला वावच राहिला नाही. पुढच्या रविवारची तारीख तिनेच ठरवली आहे. काचेच्या टीव्हीचा विषय दिवाळीआधी निघेल असं दिसतंय.

त्यानंतर लांबचा एखादा घ्यावा म्हणतो. 'पर्सोना ३' की '४'? की 'ओकामी'?

मोरपंखी_फाईल

रोज तास असेल तर 'पर्सोना ४'. प्लेस्टेशन ३ येऊन दोन वर्षं होत आली तेव्हा, २००८ मध्ये, तो २ वर आला, म्हणजे या यंत्राचा सगळा अनुभव हाताशी घेऊन बनवलेला. एका छोट्या गावातलं वर्षभराचं कॅलेंडर आहे, रोज शाळा, मित्र, पाऊस, आणि पाऊस लागून राहिला की काळजी. सत्तर-ऐंशी तास जातात. रात्री एक-दोन दिवस पुढे सरकायचे आणि झोपायचं, असा महिनोन्महिने चालतो.

'ओकामी' पण सोडू नका. २००६ चा. शाईच्या जपानी चित्रासारखा सगळा पडदा, आणि रिमोटच्या काठीने कुंचला फिरवून आपण सूर्य काढतो, पूल जोडतो. फक्त सुरुवातीचं बोलणं फार लांबतं, धीर धरा.

ओवी_वाचते

'३' आधी घ्या, मी म्हणते. त्यात शेवट ठरलेला आहे आणि तो येण्याआधीच तुम्हाला कळतो, तरी दिवस मोजत पुढे जावं लागतं. घ्यायचा तर 'एफईएस' ही आवृत्ती घ्या, मूळ गेम आणि पुढचा भाग दोन्ही आहेत. साथीदारांना तुम्ही थेट आज्ञा देऊ शकत नाही, ते आपापल्या बुद्धीने लढतात आणि कधीकधी डोकं फिरवतात, पण म्हणूनच ते माणसं वाटतात.

मोरपंखी_फाईल

ओवी, तोच तर माझा आक्षेप! नायकाला बरं करायचं सोडून शत्रूला भुरळ पाडत बसते ती साथीदार मित्सुरू. पण चला, दोन्ही मतं तळमजल्यांसमोर आहेत.

वायरमन_सांगली

कुठलाही घ्या, पण एवढा लांबचा गेम एकाच कार्डावर ठेवू नका. मूळ कार्ड ८ एमबीचं असतं. बाजारात ६४ आणि १२८ लिहिलेली मिळतात, त्यातली बरीच सेव्ह गिळून बसतात. मूळ ८ चं दुसरं घ्या, दोन्ही खोबणींत एकेक लावा आणि ब्राउजरमध्ये जाऊन दर रविवारी एकावरून दुसऱ्यावर नक्कल करा.

तळमजला

दुसरं कार्ड सांगितलं आहे. 'पर्सोना ३ एफईएस' कुणाकडे विकायला असेल तर विपु (खासगी निरोप) करा. पुण्यात येऊन घेऊन जाईन.